बेसिन कुणासाठी, कांता?

कांता, काल तुझ्या जलदानविधीला आलेल्या बायकांनी तुझ्या बेसिनपुढं रांग लावली होती. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि अंगणात हात धुवायला म्हणून भरून ठेवलेला ड्रम तसाच भरलेला राहिला. आधी एकजण आत गेली, बाहेर येऊन दुसरीच्या कानाला लागली, मग दोघी मिळून तिसरीला घेऊन गेल्या. ज्या आत शिरल्या त्या लवकर बाहेर येईनात. कुणी खण ओढून बघत होती, कुणी नळाची लांब दांडी कोपरानं ढकलून बघत होती, कुणी आरशापुढं पदर सारखा करत होती. आपण दुःखाच्या घरी आलोय हे दोन घटका विसरल्याच त्या. मी बाहेर मांडवात खुर्चीत बसून सगळं ऐकत होतो, आणि खरं सांगतो, तू गेल्यापासून पहिल्यांदाच मला बरं वाटलं. जिंकलीस, बाई.

पण तेवढ्यात एकजण म्हणाली, "मास्तरांचा एक हात गेला न, म्हणून केलंय हे समदं बाईनं. लई जीव हुता नवऱ्यावर." बाकीच्यांनी हुंकार भरले. एकीनं तर डोळ्याला पदर लावला. मी खुर्चीतून उठून काहीतरी बोलणार होतो, पण काय बोलायचं तेच कळेना. कारण त्या जे म्हणत होत्या, तेच तर मी तुला दीड-दोन वर्षं ऐकवत आलो होतो. आणि तू दर वेळी म्हणायचीस, "न्हाई. माझ्यासाठी हाय." हा वाद अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस. चहा ठेवलास, खुर्चीत टेकलीस आणि चहा उतू जाईपर्यंत संपलं सगळं. भांडण संपवून जायची तुझी पद्धत होती, या वेळी तेवढं जमलं नाही तुला.

तुझी नोकरी, तुझ्या बदल्या, तुला मिळालेली शाल न् नारळ, हे सगळं काल माइकवर बोलून झालं. मी ते लिहिणार नाही. मला हा एकच वाद मिटवायचा आहे. मी आयुष्यभर पोरांना चित्रकला शिकवली, तेव्हा मला वाटतं की मला दिसतं. तू म्हणायचीस, "तुमाला रंग दिसत्यात, माणूस दिसत न्हाई." बघू आता.

सुरुवात तांब्यापासून करावी लागेल. तू उपकेंद्राची नर्स, आणि आपण राहायचो मागच्या खोलीत. तेव्हा बाळंतपणं घरीच व्हायची. बोलावणं आलं की तू पिशवी उचलून चालू लागायचीस. बाळ झालं, वार पडली, आई नीट आहे हे बघितलं की तू अंगणातल्या धुण्याच्या दगडापाशी यायचीस आणि हात पुढं करायचीस. घरातलं कुणीतरी पाणी घालायचं. बऱ्याच घरांत ऊन पाणी असायचं, साबणाची वडी असायची, एखादी म्हातारी स्वतः तुझी बोटं चोळून द्यायची. पण काही घरांत तांब्या उंच धरायचे. हात लांब करून, वरून, धार सोडायचे. बाळ तुझ्या हातांवर जन्माला आलेलं चालायचं, तांब्याला तुझं बोट लागलेलं चालायचं नाही. 

हे तू मला रडून कधीच सांगितलं नाहीस. हसून सांगायचीस, त्याचाच मला जास्त राग यायचा. मळ्यातल्या घरच्या थोरल्या काकूंनी एकदा इतक्या उंचावरून धार सोडली की तुझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. तू तशीच हात पुढं करून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "काकू, आजून जरा वरून वता, म्हंजी अंघोळ बी हुईल." आतली बाळंतीण खुदकन हसली म्हणे, टाके ताणले तिचे. पुढच्या खेपेला काकूंनी तांब्या तुझ्या हातातच दिला आणि त्या आत निघून गेल्या. तो तांब्या बाटला म्हणून नंतर गोठ्यात जाणार हे तुला माहीत होतं. त्यापेक्षा अडचण ही होती की एका हातात तांब्या धरला तर दोन्ही हात धुवायचे कसे? तू मला घरी येऊन विचारलंस, "सर, तुमी शिकलेले हाव, सांगा बरं." मी उठून तांब्या भरून घेतला.

म्हणून आपल्या घरी ते काम माझं झालं. तू उंबऱ्याबाहेर उभी राहायचीस, कशालाही न शिवता, दोन्ही हात पुढं करून. मी तांब्यातून पाणी सोडायचो, बारीक, जवळून. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं तू बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, पार कोपरापर्यंत चोळत बसायचीस. माझा चहा निवायचा. आणि धुता धुता तू सगळी हकिकत सांगायचीस, मुलगा झाला की मुलगी, सासू काय म्हणाली, कोण चक्कर येऊन पडलं. बापच पडायचा बहुतेक. पाणी संपलं की हकिकत संपायची. मी मुद्दाम धार बारीक करायचो, हे तुला कळलं होतं का गं? तुला सांगायचं राहिलं. आपल्या लग्नातला मला सगळ्यात आवडणारा वेळ तो होता.

मग माझा झटका. अर्धांगानं डावा हात घेतला, तो नुसता खांद्याला लोंबतो. माणसाला एकच हात असला की तो हात धुता येत नाही, ही गोष्ट मला तोपर्यंत कधी सुचली नव्हती. आता मी हात पुढं करायचो आणि तू पाणी घालायचीस, वर तूच साबण लावून चोळायचीस. मी जेवून उठायचो तो तोंड वाकडं करूनच. एकदा मी चिडून म्हणालो, "राहू दे, मी पुसून घेतो." तू तांब्या खाली ठेवलास. घर बांधायला आपण काढलंच होतं, घाटनांदूरच्या प्लॉटवर पाया भरून झाला होता. तू म्हणालीस, "नव्या घरात कुणी कुणापुढं हात करून उभं ऱ्हायचं न्हाई. बेसिन करायचं. आन् ते मी निवडणार. बाकी समदं घर तुमी काढा, तुमच्या मनानं. बेसिन माझं."

आता तूच सांग, त्या क्षणाला ते उद्गार ऐकून नवऱ्याला काय वाटेल? मला वाटलं, माझ्यासाठी. आणि मला ते अजिबात नको होतं. आपल्या पांगळेपणाची सोय म्हणून घरात एक आख्खं फर्निचर उभं राहावं, हे मला सोसणारं नव्हतं. म्हणून मी विरोध सुरू केला. नकाशात मी सगळ्यांसारखं हॉलच्या कोपऱ्यात एक लहानसं बेसिन काढून टाकलं. गावात बेसिन म्हणजे असतं काय? भिंतीला लटकवलेली पांढरी वाटी. त्यात कंगवा असतो, टॉर्च असते, चार्जिंगला लावलेला मोबाइल असतो, एखाद्या घरी कांदेही असतात. पाणी तेवढं नसतं, कारण नळाला ते येतं तेव्हा येतं. मी तुला हे सगळं पटवून दिलं. तू शांतपणे ऐकलंस आणि माझं रबर घेऊन नकाशातलं ते बेसिन खोडलंस.

"न्हाणीत पाहिजे," तू म्हणालीस. "खाली खण पाहिजेत, कुलपाचे. बाजूला ओटा पाहिजे. आन् वर आरसा, माझं आख्खं तोंड दिसंल असा."

उपकेंद्राच्या खोलीत तुझा आरसा खिडकीशेजारी खिळ्याला होता, तळहाताएवढा. त्याचा पारा अर्धा उडालेला. तू एकदा कुंकू बघायचीस, मग आरसा सरकवून भांग बघायचीस. सगळं तोंड एका वेळी कधी बघितलंच नव्हतंस. आपला नितीन पुण्याहून मोबाइलवर फोटो पाठवू लागला, व्हॅनिटी म्हणतात मम्मी याला, म्हणून. ओट्यावर वाडगं ठेवल्यासारखी बेसिनं, सोनेरी नळ. तू एकेक फोटो लांब धरून बघायचीस. "ही परात कुणी वर ठिवली? कडंला साबणाचा चिकटा साचंल, कोण घासंल?" नितीननं फोटो पाठवणं थांबवलं. नर्सच्या नजरेतून एकही वाडगं पास झालं नाही.

आणि मग आपण अंबाजोगाईला गेलो. कांता, तो दिवस आठवला की मला आजही हसू फुटतं, सुतकातसुद्धा फुटलं. दुकानाच्या दारात आपण दोघांनी चपला काढल्या. आतला सेल्समन म्हणाला, "राहू द्या मावशी, घालून या." तू त्या चकचकीत फरशीकडं बघितलंस आणि म्हणालीस, "न्हाई बाबा, घर हाय लोकाचं." मग तू अनवाणी एकेका बेसिनपुढं उभी राहिलीस. हात लांब करून बघितलेस, खण ओढून बघितलेस, खाली वाकून मागची भिंत बघितलीस. तो पोरगा रंग सांगत होता, तू कोपरे बघत होतीस. एक मॉडेल तुझ्या मनात भरलं. लाकडी रंगाचं, वर पांढरं बेसिन. पोरगा कॅटलॉग आणायला गेला आणि तू पिशवीतून पाण्याची बाटली काढलीस.

तुला बघायचं होतं पाणी अंगावर उडतं का. हात धुताना पोट भिजलं तर ते बेसिन काय कामाचं, हा तुझा मुद्दा. तो चुकीचा नव्हता. पण दुकानातल्या बेसिनला खाली पाइप नसतो, हे तुला काय माहीत, मलाही नव्हतं. तू आख्खी बाटली ओतलीस, एक हात धारेखाली धरून. पाणी भोकातून खाली गेलं, खणांत उतरलं, खणांतून फरशीवर आलं आणि शेजारच्या कमोडपर्यंत पोचलं. पोरगा कॅटलॉग टाकून धावत आला.

"मावशी, मावशी! शोचं हाय ते!"

"शोचं म्हंजी?"

"म्हंजी नळ न्हाई, पाइप न्हाई. नुसतं दाखवायला हाय."

"मंग मी काय इकत घिऊ?" तू विचारलंस. "दाखवायला?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. मालक गल्ल्यावरून उठून आला. आता हा आपल्याला हाकलतो असं मी धरून चाललो होतो. तू मात्र माफी मागितलीस, फरशी पुसायला फडकं मागितलंस, पुसलीस, आणि पुसून झाल्यावर मालकालाच बजावलंस, "मी पुढच्या बाजारी येते. तवर ह्यो खण आसाच ऱ्हाऊ द्या. बघू काय हुतंय त्याचं."

बाजारच्या दिवशी आपण परत गेलो. तू सरळ जाऊन तो खण ओढलास, तो निघेना. तळ फुगून पुरीसारखा टम्म झाला होता. पोरगा चाचरत म्हणाला, "मावशी, ओलावा लागला त्याला." तू म्हणालीस, "मंग न्हाणीत काय लागणार हाय? ऊन?" मालक मोठ्यांदा हसला. त्या माणसाचं मला कौतुक वाटतं. त्यानं तुला मागच्या गोदामात नेलं, दोन बेसिनं विटांवर मांडली, बागेची नळी जोडून दिली आणि म्हणाला, "घ्या नर्सबाई, आता मन भरंस्तोवर वता." आपण दुपारभर तिथं होतो. गोदामाचे हमाल काम सोडून बघत उभे. उथळ बेसिनं तू एका धारेत बाद केलीस. खोल, पांढरं, कडा गोल असलेलं एक तेवढं पोट भिजवेना. खालचं कपाट पीव्हीसीचं, पाणी लागलं तरी न फुगणारं. वर काळ्या दगडाचा ओटा. बोअरचं पाणी क्षाराचं, काळ्यावर पांढरे डाग दिसतात, असं मी म्हणालो. तू म्हणालीस, "दिसू द्या. दिसले की पुसता येत्यात." तिथं मी रंगाच्या बाबतीत हरलो, जे आजवर कधी झालं नव्हतं.

आणि मग नळ. तुला दवाखान्यातला, लांब दांडीचा, कोपरानं ढकलायचा नळ हवा होता. दुकानात नव्हता, मागवावा लागला. मालकानं जुना एक कुठून तरी आणून दाखवला, तेव्हा तू तो एकाच हातानं वापरून बघत होतीस. उजवा हात पुढं, डावा पदराआड. ढकल, धू, परत ढकल. मी बघितलं. गोदामातल्या सगळ्या हमालांसमोर मी तुला विचारलं, "कांता, हे माझ्यासाठी चाललंय का?"

"न्हाई. माझ्यासाठी."

"मग डावा हात पदराआड कावून?"

"पदर सांभाळतीय."

आपण जीपनं परत निघालो. घाटनांदूरच्या स्टेशनजवळ उतरल्यावर तू म्हणालीस, "तुमाला वाटतं जगात जे हुतंय ते समदं तुमच्या हाताचंच हुतंय." मी म्हणालो, "एकाच हाताचं." तू हसली नाहीस. तिथून तो वाद जो सुरू झाला तो चालूच राहिला. भाजी निवडताना, टीव्ही बघताना, मोटार चालू-बंद करताना. मी म्हणायचो माझ्यासाठी केलंस, कबूल कर. तू म्हणायचीस, "आयुष्यात येक वस्तू माझी म्हणून केली, तर ती बी तुमच्या नावावर चढवताय व्हय?" मला वाटायचं, तू माझी लाज राखण्यासाठी खोटं बोलतेस. इतकं ठाम वाटायचं की मला तुझा अभिमानही वाटायचा आणि रागही यायचा.

बेसिन बसवायच्या दिवशी तू मला गच्चीवर पिटाळलंस, टाकीत पाणी किती चढलं ते बघायला. मी टाकीपाशी बसून राहिलो. खाली आलो तर सगळं बसवून झालेलं, आणि बसलेलं चांगलंच खाली. मी प्लंबरला झापलं. उभं राहिलं तर ओटा माझ्या कमरेच्याही खाली लागतोय, असं कुठं असतं का? प्लंबरनं तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालीस, "त्याला काय बोलू नका. वापरून बघा, सवय हुईल." मी तो विषय प्लंबरच्या खात्यावर टाकून दिला. तुझी चूक होऊ शकते हे मी मान्य करायचो, पण त्यामागं तुझा हेतू असू शकतो हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिलं पाणी आलं ती सकाळ. तू कुणाला बोलावलं नाहीस. तू आत गेलीस, मी सवयीनं तांब्या भरून दाराशी उभा. कोपरानं दांडी ढकललीस आणि पाणी आलं, जाड, सरळ, कुणाच्याही हातातून न येता. तू हात धुतलेस. बेचक्या, नखं, मनगटं, कोपरापर्यंत, सगळं तुझ्या वेळात. मग आरशातूनच माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "आता ठिवा तो खाली." मी ठेवला. वाईट वाटलं, हे आज सांगतो. पण तू आरशासमोरून हलेनास. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. "मी बरी दिसते की वो," म्हणालीस. "कुणी सांगितलं न्हाई आजून." मी रोज सांगायला पाहिजे होतं, असं तू म्हणाली नाहीस. टिकली काढून आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलीस आणि दुसरी नवी लावलीस, नुसतीच, गंमत म्हणून.

गृहप्रवेशाला मळ्यातल्या थोरल्या काकूही आल्या. म्हातारपणानं वाकलेल्या, सुनेच्या खांद्याला धरून. तुझ्याच हातांवर जन्मलेल्या नातवाच्या गाडीतून. जेवण झाल्यावर त्यांनी सवयीनं हात पुढं केले आणि इकडंतिकडं बघितलं, कोण पाणी घालतंय म्हणून. तू त्यांना धरून न्हाणीत नेलंस. मी दारात होतो. माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही, मी तुझ्याएवढा मोठ्या मनाचा नाही. तू दांडी ढकललीस आणि म्हणालीस, "काकू, इथं कुणी वतत न्हाई. आपलं आपण." काकू बराच वेळ त्या धारेकडं बघत राहिल्या. मग हात घातले. धुता धुता म्हणाल्या, "ऊन पाणी बी येतं व्हय गं?" तू म्हणालीस, "येतं की." आणि तू दुसरी तोटी सोडलीस. त्या म्हाताऱ्या हातांना बरं वाटलं असणार, त्या लवकर हलेनात. तू टॉवेल दिलास, नवा, घडीचा.

तर इथपर्यंतची हकिकत तुला माहीत आहे. पुढची आज सकाळची.

पाहुणे गेले. नितीन आणि सूनबाई राहिलेत. सकाळी मी हात धुवायला वाकलो तेव्हा कण्हलो असेन, नितीननं ऐकलं. तो टेप घेऊन आला. "पप्पा, हे चुकलंय. फार खाली आहे. एका हातानं वाकून तोल गेला म्हणजे? उद्या प्लंबर बोलावतो, सगळं वर घेऊ. आरसाही." तो काळजीनंच बोलत होता, तुझ्यावर गेलाय. त्यानं टेप लावला, सूनबाईला म्हणाला, जरा इकडं धर. ती समोर उभी राहिली आणि मी बघतच राहिलो.

तुझी सून तुझ्याएवढीच बुटकी आहे, कांता. ओट्याची कड तिच्या कोपराच्या बरोबर खाली. दांडी कोपर जरा उचललं की हाताशी. आणि आरशात तिचं तोंड बरोबर मध्ये, कपाळाच्या वर जागा सोडून, हनुवटीखाली जागा सोडून, मी पोरांना चेहरा कागदावर कसा बसवायचा ते शिकवायचो तसं. मी तिला बाजूला केलं आणि स्वतः ताठ उभा राहिलो; आजवर वाकून हात धुताना वर कधी बघितलंच नव्हतं. आरशात माझी हनुवटी आहे, मिशी आहे, नाक आहे. डोळ्यांच्या वर आरसा संपतो.

कपाळ नसलेला माणूस बघितला मी. आणि मोठ्यांदा हसलो. पोरं घाबरली.

माझ्यासाठी असतं तर माझं डोकं कापलं असतंस होय गं? तू बेसिनच्या बाबतीत कधी माप चुकवलं नाहीस. मला गच्चीवर पाठवून तू प्लंबरपुढं अनवाणी उभी राहिलीस आणि भिंतीवर खूण केलीस ती स्वतःच्या कोपराची. डावा हात पदराआड धरून बघितलंस तेव्हा माझीही सोय बघितली असशील, मी नाही म्हणत नाही. नळ दोघांचा असेल. पण उंची तुझी. आरसा तुझा. आयुष्यभर लोकांच्या अंगणात, लोकांच्या तांब्याखाली, लोकांच्या मर्जीच्या उंचीवर हात धरलेस, आणि शेवटी एक जागा आपल्या मापानं करून घेतलीस. त्यातही लोक तुला नवऱ्याची सेवा करणारी बाई करून टाकत होते, आणि सगळ्यांच्या पुढं मी होतो. तू खरं बोलत होतीस. पहिल्यापासून एकच वाक्य बोलत होतीस. मी हरलो आणि मला इतका आनंद झाला की कुणाला सांगू असं झालं.

नितीनला मी सांगितलं, टेप ठेव. याला हात लावायचा नाही. तो म्हणाला, "पप्पा, पाठ जाईल तुमची." मी म्हणालो, जाऊ दे, कधीतरी पाठीचा उपयोग झाला पाहिजे. तो चिडून बाहेर गेला. थोड्या वेळानं आतून, आरशापुढून, सूनबाईचं गुणगुणणं ऐकू आलं. ती आत बराच वेळ होती.

दुपारी शेजारच्या दोघी भाकरी घेऊन आल्या. हात धुवायला आत गेल्या आणि बाहेर येऊन तेच म्हणाल्या, नवऱ्यासाठी केलं बाईनं, कुठं मिळते अशी बायको. या वेळी मी खुर्चीतून उठलो. दोन्ही पायांवर नीट उभा राहिलो आणि त्यांना सांगितलं, "न्हाई. तिनं स्वतःसाठी केलं. स्वतःच्या मापाचं. मी नुसता वापरतो, वाकून."